न गळणारा मास्क

मावशी थकल्या होत्या. आजच्या नव्हे, फार दिवसांच्या. इतक्या की कुणी "कशा आहात?" विचारलं तर "बरी आहे" म्हणायचाही कंटाळा यावा. आणि त्यात हा मास्क! तिसरा, नवा कोरा, आणि मेला तोही गळत होता.

मावशींचं काम आधी सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही म्हणाल, या वयात बाईला पाण्यात बुड्या मारायचं खूळ कुठून लागलं. मावशी मत्स्यालयात टाकी घासायच्या. घरातली नव्हे हो, चांगली दुमजली उंच, समोरून काचेची, खाऱ्या पाण्याची. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडात नळी, डोळ्यांवर आणि नाकावर मास्क, हातात ब्रश, असा सगळा संसार घेऊन आत उतरायचं आणि काचेवरचं, दगडांवरचं शेवाळ खरवडायचं. वर काठावर भाऊ बसलेले असायचे, मावशींच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं टोक हातात धरून. भाऊंनी एक हिसका दिला की 'ठीक आहे ना?' दोन दिले की 'वर या'. खालून मावशींनी एक दिला की 'ठीक आहे'. एवढंच बोलणं.

आणि खरं सांगायचं तर, एवढंच बोलणं असायचं म्हणून मावशींना ते काम जिवापाड आवडायचं. घरी डोळे उघडल्यापासून हाका. सासूबाईंना ऐकू कमी, त्यामुळे त्यांची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची. "सूनबाई, माझा चष्मा!" चष्मा कपाळावर. गुडघे धरून बसलेले यजमान, "अगं, ऐकलंस का?" लेक बाळंतपणाला आलेली, ती बाळ झालं तरी नवऱ्याघरी परत जायचं नावच काढत नव्हती. "आई, जरा ह्याला घे ना." बाळाला अजून बोलता येत नव्हतं, पण हाक मारता येत होती. मावशी ओ देत देत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायच्या आणि तशाच कामावर यायच्या. पाण्यात मात्र कुणाची हाक पोहोचत नसे. स्वतःच्या श्वासाचा आवाज तेवढा. दिवसातला तो तेवढाच वेळ त्यांचा होता.

तो आता जायच्या बेतात होता.

त्याचं असं झालं. मावशींचा जुना मास्क वर्षानुवर्षं इमानेइतबारे चालला होता. यंदा अचानक गळायला लागला. नाकाखालून पाणी हळूहळू आत यायचं, डोळ्यांपर्यंत चढायचं. मान वर करून नाकाने जोरात फुंकायचं, पाणी बाहेर घालवायचं, की पुन्हा हजर. मावशींनी ठरवलं, रबर म्हातारं झालं. नवा घेतला. तो गळला. बदलून दुसरा आणला. तोही गळला. सल्ले द्यायला काय, सगळेच पुढे. भाऊ म्हणाले, पट्टा घट्ट करा. केला, तर चेहऱ्यावर लाल वळ उठला आणि पाणी जास्तच आलं. यजमान म्हणाले, कडेला व्हॅसलीन लाव. लावलं, तर मास्क घसरून कानाकडे निघाला.

शेवटी व्हायचं तेच झालं. शाळेची पोरं काचेला नाकं लावून बघत असताना मावशींच्या मास्कमध्ये पाणी काठोकाठ भरलं, ठसका लागला आणि त्या धडपडत वर आल्या. काठाला धरून खोकत राहिल्या. खाली एक मुलगी, बाई बुडाली म्हणून रडायला लागली.

शिट्टीसाहेब धावत आले. हे तिथले व्यवस्थापक. गर्दी आवरायला गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता बिचारा.

"मावशी, सोमवारी माझ्यासमोर उतरा," ते म्हणाले. "अर्धा तास. एकदाही वर यायचं नाही. नाही जमलं तर तुम्हाला तिकीट खिडकीवर घेतो. खुर्ची आहे, पंखा आहे. तुम्हालाही आराम."

तिकीट खिडकी! दिवसभर "ओ बाई", "अहो मॅडम", "सुट्टे द्या", "किती वेळ लावता"! त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि घरी आल्या.

आता एक गोष्ट कामावर कुणालाच ठाऊक नव्हती. यंदाच मावशींचे वरचे पुढचे दात काढावे लागले होते. हिरड्याच खराब झाल्या, त्याला कोण काय करणार. ताप आलाय म्हणून रजा टाकली आणि परतल्या त्या छोटी कवळी बसवूनच. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्यात जाताना ती काढून ठेवायची, सुटून घशात गेली तर जिवावर बेतेल. मागच्या दाढा शाबूत होत्या, नळी त्यांच्यात धरता यायची. म्हणून मावशी रोज उतरण्याआधी भाऊंकडे पाठ करायच्या, कवळी डबीत, डबी पिशवीत, आणि मास्क चढवून, नळी तोंडात धरून मगच तोंड फिरवायच्या. वर आल्या की तोंडावर टॉवेल. म्हातारपणाची लाज वाटावी असं त्यात काही नाही, हे त्यांना कळत होतं. पण वाटायची.

त्या शनिवारी संध्याकाळी मावशींनी तोंड धुतलं, कवळी वाटीत टाकली आणि पलंगावर बसल्या. समोर तो मास्क. उगाच उचलला. दुकानात शिकवतात तसा पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवला, नाकाने श्वास आत ओढला आणि हात सोडले. बसला तर मास्क तसाच चिकटून राहतो. दुकानात राहिला होता.

मास्क पटकन मांडीवर पडला.

पुन्हा लावला. पुन्हा पडला. मावशी मास्ककडे बघत राहिल्या, मग वाटीकडे. कवळी बसवली आणि परत श्वास ओढला. मास्क घट्ट!

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. दुकानात दात लावून मास्क बघायचा आणि पाण्यात दात काढून घालायचा. दुकानातला चेहरा वेगळा, पाण्यातला वेगळा.

"वरचा ओठ आत गेलाय ना तुझा," यजमान खुर्चीतून म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून दिसतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच तंबी दिली होतीस, घरात दातांचा विषय काढायचा नाही म्हणून."

मावशींना हसावं की मास्क फेकून मारावा कळेना. दोन्हीला अंगात जीव नव्हता. त्या आडव्या झाल्या. तेवढ्यात आतून हाक आली.

रविवारी बुड्या मारायच्या सामानाच्या दुकानात ही गर्दी. सुट्टीला निघालेली माणसं, नवी लग्नं झालेली जोडपी. दुकानवालीने मावशींना बघून कपाळाला हात लावला.

"मावशी, परत? आता मी हे दुकान मोडून किराणा टाकते."

"जरा आडोसा मिळेल का?"

"आडोसा कुठला आणू? कपडे बदलायच्या खोलीत माणूस आहे."

मावशी उभ्या राहिल्या. घरी जावं असं मनात आलं. मग तिकीट खिडकी आठवली. आणि एकदम त्यांना या लपवाछपवीचाच भयंकर कंटाळा आला. पाठ करा, टॉवेल धरा, डबी दडवा. किती कामं ती! त्यांनी सगळ्यांदेखत कवळी काढली, डबीत ठेवली आणि म्हणाल्या, "आता दाखव."

एक नवी नवरी बघत राहिली. दुकानवाली मावशींच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आधी नाही का सांगायचं? किती दिवस माझं डोकं खाल्लंत!" तिने स्टूल दिलं आणि फळीवरचे सगळे मास्क खाली काढले. एकेक लावायचा, श्वास ओढायचा, पडायचा. मावशींची मांडी दुखायला लागली.

"रागावणार नसाल तर," दुकानवाली शेवटी म्हणाली, "लहान मुलांचा बघू या?"

तो पिवळाधमक होता. पट्ट्यावर हसरा मासा. मावशींनी श्वास ओढला. मास्क बसला. त्यांनी मान हलवली, खाली वाकून बघितलं, नळी तोंडात धरून बघितली. हलेना.

सोमवारी भाऊंनी तो पिवळा मास्क बघितला आणि हसू दाबता दाबता त्यांना खोकला आला. मावशींनी त्यांच्याकडे पाठ केली नाही. कवळी काढली, डबी बंद केली आणि भाऊंच्या हातात दिली.

"यात काय?"

"दात. खिशात ठेवा. मागच्या नको, बसाल त्याच्यावर."

शब्द थोडे फसफसत आले. शिट्टीसाहेब शेजारीच उभे होते.

"माझेच आहेत, साहेब," मावशी म्हणाल्या. "पाण्यात चालत नाहीत." साहेब शिट्टीशी चाळा करत राहिले. मावशी उतरल्या.

खाली पोहोचून त्यांनी वाट बघितली. नाकाखाली, जिथून रोज यायचं तिथे. कोरडं. काच घासायला घेतली, मान वळवली, दगडाखाली डोकं घातलं. कोरडं. म्हातारं कासव जवळून गेलं आणि त्याच्या पाठीवरचे डाग किती दिवसांनी स्वच्छ दिसले. काचेपलीकडे पोरं पिवळ्या मास्ककडे बोटं दाखवून काहीतरी ओरडत होती. काय ते ऐकू येत नव्हतं. मावशींच्या खांद्यांतला ताण सुटला. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

मग दोरीला दोन हिसके बसले. अर्धा तास झाला, पास झालात, वर या.

मावशींनी हवेचा काटा बघितला. हवा भरपूर होती. वर साहेब असतील, कौतुक करतील, चार गोष्टी विचारतील. मग घर. मावशींनी दोरी धरली आणि एकच हिसका दिला. ठीक आहे. मग ब्रश घेऊन त्या मागच्या कोपऱ्याकडे वळल्या.

भाऊंनी पुन्हा दोन हिसके दिले. आयुष्यभर प्रत्येक हाकेला ओ देणाऱ्या मावशी ते हिसके कमरेला नीट कळूनही घासत राहिल्या.