हेल्मेटात बसली माझी काळी

तर बायांनो, सगळ्यांच्या आधी माझ्या दारात आली ती लाल हेल्मेटवाली पोरगी. मागून तिची सायकलवाली मंडळी धापा टाकत आली. किन्हवलीवरून आलेली, निघालेली पार समुद्राकडे! घरी गाड्या असतील गो, तरी पाय मोडून घेतात. पण पोरं गुणाची. मी चहा टाकला.

पोरीनं हेल्मेट ओट्यावर उताणं ठेवलं नि तोंड धुवायला गेली. आता माझी काळी कोंबडी तुमाला माहीतच हाय. खुडूक झालेय, पण टोपलीत अंड्यांवर बसवली की उठून पळते. अंडी वाया जायची वेळ आलेली. ती बया आज त्या हेल्मेटात जाऊन अशी फुगून बसली! मग मी सोडते काय? पटापट अंडी खाली सरकवली.

पोरगी आली. "आजी, माझं हेल्मेट!"

"बाय गो, आता उठवली तर परत नाय बसायची."

त्यांचा म्होरक्या कडक. "हेल्मेट नाही तर सायकल नाही!"

पोरगी कोंबडीकडे बघत राहिली. मग हसायलाच लागली. "बसू दे तिला. मी सामानाच्या टेम्पोतून येते."

सायकल टेम्पोत चढवली. जाताना कोंबडीला हात जोडून गेली, खरंच!

पिल्लं बघायला सगळीच येणार हायेत. पण जत्रेच्या पावण्यांना आमच्याकडे कोंबडीचा रस्सा असतो. या पोरीच्या ताटात तो कुठल्या तोंडानं वाढू? काय रांधू ते सांगा लवकर. म्हसा गावची जत्रा भरेल त्याच दिवशी येतो बोललेत.