ते काय धरायचं?

दवाखान्यात मुलीच्या नंबरची वाट बघत बसले होते. डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक पोटुशी सून आणि तिची सासू.

"आधी कधी दिवस गेले होते?" बाईंनी सुनेला विचारलं. ती तोंड उघडणार, तोच सासू म्हणाली, "छे, पहिलीच खेप."

"मग हिच्या रक्तात बाळाच्या रक्ताशी भांडणाऱ्या अँटीबॉडी आल्या कुठून? हिचा गट निगेटिव्ह, रक्त कधी चढवलेलं नाही. आधी दिवस गेलेच असणार. तेव्हाच इंजेक्शन दिलं असतं, तर आज या बाळाला धोका नसता."

सासू पदर सावरत पुटपुटली, "तिसऱ्याच महिन्यात गेलं. ते काय धरायचं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय धरायचं! गेलेल्याचं नाव काढायचं नाही, पोरीनं रडायचं नाही, दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायला बसायचं. आणि आता हिरवी साडी नेसवून चारचौघींत तिला पहिलटकरीण म्हणून मिरवायचं. घरानं ते मूल पुसून टाकलं, तिच्या रक्तानं नाही टाकलं.

बाईंनी पेन उचललं. इतका वेळ खाली मान घालून बसलेली सून म्हणाली, "दुसरी खेप लिहा, बाई."