औषध नाही, नुसती गोळी

कान इकडे कर वं पोरी. तू कबड्डी खेळत असशील, नाहीतर खो-खो, नाहीतर सकाळी मैदानाच्या चकरा मारत असशील. तुझं नाव मला ठाऊक नाही, पण बॅगेच्या छोट्या कप्प्यात तू काय ठेवतेस ते मला ठाऊक आहे. आईपासून काहून लपवतेस ते? आधी मला रागावून घेऊ दे, मग सगळं सांगते.

माझी नात तनू. वय एकोणीस, कबड्डीत चढाई करणारी. मे महिन्यातल्या एका दुपारी दवाखान्यात डॉक्टर मॅडम तिचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आजी, हिच्या किडन्या नीट काम करत नाहीयेत."

खरं सांगते, मला हसूच आलं. तीन-तीन पोरी अंगावर घेऊन मधली रेषा गाठणारी ही, आणि हिच्या किडन्या? मॅडमनी कागदावर लिहून दिलं, अ‍ॅक्युट किडनी इंज्युरी. म्हणजे चांगल्या चालत्या किडन्यांना अचानक मार बसणे. रक्तात क्रिएटिनिन नावाचा कचरा असतो, तो किडनीनं गाळून बाहेर टाकायचा. माणसाच्या रक्तात तो एकाच्या आसपास असावा. तनूचा साडेचार निघाला होता.

त्याआधीचे चार दिवस आम्ही उन्हाला दोष देत बसलो होतो. शिबिर चालू होतं, राज्याच्या संघाची निवड जवळ आली होती. ती घरी यायची ती मळमळते म्हणत. जेवायची नाही. सकाळी डोळ्यांखाली सूज. मी म्हटलं, ऊन लागलं. कैरीचं पन्हं दिलं, कांदा दिला. लघवी फार कमी होते हे तिनं पाचव्या दिवशी सांगितलं, तेही मी पाठच सोडली नाही म्हणून.

दवाखान्यात भरती केल्यावर मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, काही औषध चालू आहे का. मी म्हटलं नाही. तनूही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे डॉक्टर आले, नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे खास किडनीचे. त्यांनीही तेच विचारलं, आम्हीही तेच सांगितलं. खोटं नव्हतो बोलत. पोटाची सोनोग्राफी झाली, लघवी तपासली, साप-विंचू चावला का तेही विचारून झालं. कारण काही सापडेना.

सून, तनूची आई, नोकरीवर जाते, म्हणून दिवसभर तनूजवळ मीच. तिसऱ्या दिवशी पलंगाशेजारच्या उंच स्टुलावर बसून-बसून माझा गुडघा ठणकायला लागला. चहा झाल्यावर मी कमरेची पिशवी उघडली, तर माझी दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी रिकामी. तनू पडल्या-पडल्याच म्हणाली, "आजी, माह्या बॅगेतली घे ना. बाजूच्या कप्प्यात आहे."

कप्प्यात घोट्याला बांधायचं क्रेप बँडेज होतं, स्प्रे होता, आणि गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या. तीन पूर्ण रिकाम्या. सिस्टर तेव्हा सलाईन बदलून राहिली होती. तिनं हात तसाच वर धरून विचारलं, "हे कोणाचं हो?"

"तनूचं."

"मग रोज विचारून राहिलो, तं औषध नाही काहून म्हणता?"

"ते औषध कुठी आहे सिस्टर," मी म्हटलं, "ते तं गोळी आहे."

ती हसली नाही. पट्ट्या हातात घेतल्या आणि सरळ मॅडमकडे गेली.

आता तूच सांग, तुझ्या घरी काय म्हणतात? आमच्या घरी औषध म्हणजे माझं बीपीचं, ह्यांचं शुगरचं. रोगाचं ते औषध. अंग दुखलं की घ्यायची ती गोळी. ती साखरेच्या डब्याशेजारी असते, पाहुण्यालाही देतो. ह्या एका शब्दापायी माझ्या नातीचे दोन दिवस वाया गेले.

मॅडम आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि तनूकडून एकेक काढून घेतलं. घोटा तीन महिन्यांपासून दुखत होता. आधी सामना असेल तेव्हा एक. मग सरावालाही एक. मग दुखण्याची वाट न पाहता, दुखेल म्हणून आधीच एक. शेवटच्या आठवड्यात दिवसाला तीन. आणि त्याच आठवड्यात वजन. तिच्या गटात वजनाची मर्यादा असते, आणि ती थोडी वर होती. म्हणून जेवण कमी, पाणी कमी, अन् नागपूरच्या उन्हात धावणं चालूच. संघातल्या पोरी एकमेकींना गोळ्या देतात म्हणे, चॉकलेट दिल्यासारख्या.

मॅडमनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. घरचा कुलर डोळ्यांसमोर आण. टाकीत पाणी नाही आणि पंप चालू ठेवला तर पंप जळतो. अंगातलं पाणी घामानं गेलं की किडनीला आधीच रक्त कमी पोहोचतं. ही पेनकिलरची जात ते आणखी कमी करते. तनू घरचा कुलर रोज चार बादल्या ओतून भरायची. स्वतः मात्र ओठ ओले करून उठायची.

"पहिली गोळी कोणी दिली होती?" मॅडमनी विचारलं.

तनूच्या आधी मीच म्हटलं, "मी."

ती शाळेत असतानाची गोष्ट. सामना होता, पाय मुरगळला होता. मी माझ्या पट्टीतली काढून दिली. वरून शहाणपण, उपाशीपोटी नको घेऊ, आधी पोळीचा घास खा. तेवढं पथ्य सांभाळलं की गोळी बाधत नाही, असंच मी जन्मभर धरून चालले होते.

पुढचे दोन दिवस वाट पाहण्याचे. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, लघवी वाढली नाही तर डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त गाळणं. मापाचं भांडं माझ्याकडे. किती झाली ते मी कागदावर लिहायची. भेटायला येणारा प्रत्येक जण नारळपाणी घेऊन यायचा आणि मी परत पाठवायची. किडनी अडलेली असताना त्यातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाला धोका होतो, हे मला तिथेच कळलं. लोक रुसले, रुसू देत.

शिबिराचे सर आले. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, मला वाटलं तुझा घोटा बरा झाला. तनू म्हणाली, "दुखते म्हटलं असतं तं तुम्ही मले बाकावर बसवलं असतं सर. बाकावरून कोणी सिलेक्ट होत नाही."

सरांनी मान खाली घातली. तुझ्याकडे ह्याचं उत्तर असेल तर मला सांग.

पाचव्या दिवशी सकाळी भांडं अर्ध्याच्या वर भरलं. मी ते हातात धरून वॉर्डातून अशी चालले, जशी लग्नात कलश घेऊन चालतात. सिस्टर म्हणाली, "आजी, सांडाल." डायलिसिस टळलं. क्रिएटिनिन उतरत-उतरत दीड महिन्यानं जागेवर आलं.

निवड हुकली. घोट्याचा एमआरआय काढला तर लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी दोरी, अर्धी फाटलेली. गोळीनं दुखणं झाकलं आणि ती तीन महिने त्याच फाटक्यावर उड्या मारत होती. आता फिजिओथेरपी चालू आहे. खेळेल, पण घाई नाही, आणि त्या जातीची गोळी तिला पुन्हा कधीच नाही. माझीही मॅडमनी बंद केली. बीपीच्या माणसानं ती घेऊ नये, हे मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. गुडघा दुखतो. दुखते म्हणून सांगते आणि बसते.

त्या सिस्टरचं नाव मी विचारायचं विसरले, पण रोज दिवा लावताना तिची आठवण काढते.

तू ये वं एकदा आमच्या घरी, नागपुरात हुडकेश्वरला. तनू संध्याकाळी ओट्यावर पायाला रबरी पट्टा लावून व्यायाम करते, तुलाही शिकवेल. दारात पाण्याचा तांब्या भरून ठेवते, तो आधी पी. मग मी विचारीन, काही औषध चालू आहे का. नाही म्हणायच्या आधी त्या छोट्या कप्प्याची चेन उघड. ये लवकर, पुढचा सामना व्हायच्या आत ये.