नॉर्मल रिपोर्टचे पेढे

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शकूला तब्येत विचारायची सोय नाही. विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं: "काय नाय ओ ताई, मस्त चाललंय." तिचे यजमान राजाराम गेले त्या आठवड्यातसुद्धा मला हेच ऐकायला मिळालं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती आयुष्यात कधी आजारी पडलेली नाही. मला मात्र तापाने डोळे लाल झालेली, ओट्याला पोट टेकून बांगडे तळणारी शकू चांगली आठवते. पण तो ताप नव्हताच मुळी. "जरा अंग गरम" होतं.

ती मूळची मालवणकडची. लग्न होऊन परळला आली तेव्हा राजाराम गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि थोरल्या दिरांच्या रिकाम्या जागेत ही मंडळी मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली. राजाराम पुढे कितीतरी दिवस खुर्चीत बसून भिंतीकडे बघत असत. शकूने कोणाला काही न विचारता डबे सुरू केले. आधी आसपासच्या बँकांत, मग पवईला मोठमोठी ऑफिसं झाली तशी तिकडेही. त्या डब्यांवर तिचा मुलगा सुयोग शिकला. बाई कर्तबगार, यात वाद नाही. पण कर्तबगार माणसाला वाटतं की आपण खाली बसलो तर घर खाली बसेल, आणि हा समज एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

दुसरी खोड म्हणजे बाहेरच्या माणसासमोर सगळं लख्ख दिसलं पाहिजे. सुनेने, दीप्तीने, भांड्यांना बाई ठेवली, तर बाई यायच्या आत शकू सगळी भांडी एकदा घासून ठेवते. का, तर बाई काय म्हणेल! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. इन्स्पेक्टर यायच्या दिवशी आमच्या सिस्टर फरशी मेणाने चमकवून घेत आणि तोतऱ्या मुलींना मागच्या बाकावर बसवत. शकूने कॉन्व्हेंटचं दारही पाहिलेलं नाही, पण इन्स्पेक्टरची वाट बघत जगणारी तिच्यासारखी दुसरी बाई मी पाहिली नाही.

गेल्या जानेवारीत मी बाजारात गेले होते. आमची नेहमीची मासेवाली नंदा मला म्हणाली, "तुमच्या वरची ती बाई बरी हाय ना?"

"का गं?"

"काल इथंच तिचं तोंड एका बाजूला गेलं. बोंबील मागायचे होते, पण शब्दच फुटं ना. हातातली पिशवी पडली. मी धरून बसवली. जराशाने उठली, माझ्याशी भावावरून भांडली नि गेली."

मी भाजी न घेताच परत फिरले आणि थेट शकूच्या दारात उभी राहिले.

"काल बाजारात काय झालं?"

"काय नाय ओ. चक्कर."

"चक्कर आली की तोंड वाकडं होतं?"

"परत सरळ झालं ना? मग!"

"आणि परत झालं नसतं तर?"

"नंदीच्या तोंडात तीळ भिजत नाय," एवढंच म्हणून ती तेजलच्या वेण्या घालायला वळली. तेजल म्हणजे तिची नात. बालवाडीत जाते. दीप्तीची नोकरी घाटकोपरला, सुयोग कंपनीच्या कामाने सदा बाहेरगावी, त्यामुळे शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत पोरगी शकूच्या ताब्यात.

मी त्याच संध्याकाळी दीप्तीला सगळं सांगितलं. शकू पुढे कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. बोलू नये खुशाल. दीप्तीने आणि मी तिला हॉस्पिटलात नेलं. मेंदूचा स्कॅन झाला, त्यात काही कायमचं बिघडलेलं दिसलं नाही. ईसीजीही नीट आला. हृदयाच्या डॉक्टर, निधी मॅडम, वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी विचारलं, "आजी, छातीत कधी धडधडतं का? फडफडल्यासारखं, ठोके चुकल्यासारखं?"

"नाय," शकू म्हणाली.

मी तिला आमच्या जिन्यात छातीवर हात ठेवून बसलेली पाहिलं होतं. मी तोंड उघडलं, तर तिने पदराखालून माझा दंड असा दाबला की वळ उठला. तरी मी सांगितलंच. "चपलेचा पट्टा लावत होते," शकू म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर हृदय काढलं. वरचे दोन कप्पे एका लयीत आकसतात आणि रक्त खाली ढकलतात. काही माणसांत हे वरचे कप्पे मधूनच नुसते थरथरायला लागतात, नीट आकसतच नाहीत. कधी थोडा वेळ, कधी तासन् तास, आणि मग आपोआप थांबतात. थरथर चालू असेपर्यंत तिथलं रक्त नीट हलत नाही. "आजी, दही लावलेलं भांडं तुम्ही हलवता का?"

"छे! हलवलं तर लागेल कसं?"

"तसंच. रक्त एका कोपऱ्यात थांबलं की त्याची गुठळी होते. ती निघून मेंदूत गेली की तोंड वाकडं, हात लुळा. तुमची गुठळी बहुतेक छोटी होती, विरघळून गेली. पुढची विरघळेलच असं नाही."

"म्हणजे माझ्या छातीत दही लागतंय?"

"लागत असेल तर ते थांबवायची गोळी आहे. पण ती रक्त पातळ करते, जोखमीची असते, म्हणून आधी ती थरथर एकदा कागदावर दिसली पाहिजे. तोवर दुसरी गोळी देते, पण ती या दुखण्यासाठी पुरेशी नाही. ईसीजी म्हणजे एक फोटो. फोटोपुरतं पोर शांत बसलं म्हणून ते दिवसभर शांत असतं का?"

म्हणून होल्टर लावायचं ठरलं. छातीला वायरी चिकटवतात, कमरेला एक डबी, आणि ती अख्खा दिवस ठोके टिपत राहते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज जे करता ते सगळं करा." दीप्तीने मान हलवली, मी मान हलवली, शकूनेही हलवली.

आणि मग शकूने काय करावं? दीप्तीला सुट्टी घ्यायला लावली. सकाळपासून पलंगावर, उशीला टेकून, हाताची घडी. जेवण हलकं, मूगडाळीची खिचडी. सासूसुनांची भांडणं बघून जीव खालीवर होतो म्हणून मालिका बंद. फोन नाही, जिना नाही, ओटा नाही. डोळे मिटून रामरक्षा. मी वर गेले तर मला म्हणाली, "हळू बोला ओ, मशीन ऐकतंय."

रिपोर्ट अर्थातच नॉर्मल आला. दोन दिवसांनी आमच्या दारावर टकटक. पुढ्यात शकू, हातात पेढ्यांचा बॉक्स. पूर्ण बिल्डिंगला वाटत सुटली होती.

"घ्या. रिपोर्ट फर्स्ट क्लास."

"शकू, ही काय एसएससी आहे? पास व्हायला गेली होतीस का तू?"

"मग काय नापास होऊ? तुमचं आपलं काहीतरी!"

"चोर पकडायला पोलीस बसवले आणि चोरालाच सांगितलं, आज बाहेर पडू नकोस. अगं, ते दिसायला हवं होतं!"

"तोंड गोड करा आधी," असं म्हणून तिने पेढा माझ्या हातात कोंबला आणि समोरची बेल वाजवली. रोजनिशी लिहिण्यात माझी एकही रात्र चुकत नाही. त्या रात्री मी एकच ओळ लिहिली: शकूपुढे हात टेकले.

डॉक्टरांना ही मौज कळली तेव्हा त्यांनी आठवडाभर लावायची पट्टी सुचवली. वायरी नाहीत, छातीला एक जाडसर पट्टी आणि तिच्यावर बटण. फडफड जाणवली की बटण दाबायचं, म्हणजे त्या वेळचे ठोके नेमके शोधता येतात. शकू साफ नाही म्हणाली. एकदा पास झालेलं पोर परत परीक्षेला बसत नाही, हा तिचा युक्तिवाद. दीप्तीने समजावलं, सुयोगने फोनवरून आवाज चढवला. शेवटी मी दुपारी वर गेले. तेजल झोपली होती.

"आता खरं सांग. फडफडतं की नाही?"

तिने आधी झोपलेल्या पोरीकडे बघितलं. "फडफडतं. पिंजऱ्यात चिमणी सोडल्यासारखं. घाम येतो. मग जातं."

"मग डॉक्टरांसमोर तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"दीप्ती होती ना तिथं." तिचा आवाज एकदम खाली आला. "ताई, मी आजारी ठरले की पोरीला पाळणाघरात टाकतील. नायतर दीप्ती नोकरी सोडेल. मग माझं काय काम ह्या घरात? डबे बंद झाले, आता ही पण गेली की मी नुसती बसून खाऊ? राजारामांसारखी भिंत बघत?"

मला तिची दया यायला हवी होती. आलीही. पण त्याआधी भयंकर राग आला. "आणि रस्त्यात पोरीचा हात धरलेला असताना तोंड वाकडं झालं तर? तिने काय करायचं? तुझी पिशवी उचलायची?"

शकूने पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पट्टी लावून आली. मी तिला बजावलं: बाजार, जिना, भांडण, ओटा, सगळं कर. तिने ते मनावर घेतलं. दोन दिवसांत ती पाणीवाल्याशी, सेक्रेटरीशी आणि माझ्याशी भांडली. बटणाला मात्र हात नाही. विचारलं की, "मुद्दाम कशाला त्रास द्यायचा मशीनला? त्याचं ते टिपतंय."

शुक्रवारी आमची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. संध्याकाळी बागेतून परतताना शकू आणि तेजल मला गेटवर भेटल्या. पोरगी कडेवर घे म्हणून हटून बसली आणि शकूने तिला उचललं. मी ओरडले, पण माझं ऐकतं कोण? पहिला मजला चढून झाला. दुसऱ्यावर, माझ्या दारापाशी, शकूने पोरीला खाली ठेवलं, कठडा धरला आणि पायरीवर बसली. चेहरा राखेसारखा.

"शकू, बटण दाब."

"काय नाय ओ."

"बटण दाब म्हणते ना!"

"ते दाबलं की दीप्तीच्या मोबाइलवर जातं ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढे दिवस ही बाई या समजुतीत होती! "अगं, कुठेही जात नाही ते! पट्टीतच राहतं!"

तेजल आजीच्या पदराशी चाळा करत मला म्हणाली, "आजी नेहमी इथेच बसते. मला सांगते, आईला नको सांगू."

खालून पावलं वाजत होती, ती एकदम थांबली. दीप्ती ऑफिसातून येत होती. जिन्याच्या वळणावर, खांद्याला पर्स, ती आमच्याकडे बघत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता आवाज चढणार. ती वर आली, शकूच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, दाबा."

शकूने ब्लाउजवरून चाचपडत बटण दाबलं. मग ती रडायलाच लागली. राजाराम गेले तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिलं नव्हतं.

"पोरीला काढून घेऊ नको गो माझ्याकडून."

"काढूनच घेणार आहे," दीप्ती म्हणाली. "आत्ता. या क्षणी तरी. आजारी सासू मला चालते हो आई. गप्प बसणारी नाही चालत. ज्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करून सांगाल ना, की आज बरं नाही, त्या दिवसापासून मी ऑफिसात निवांत बसेन."

पट्टीने त्या शुक्रवारचंच नव्हे, झोपेतलंसुद्धा पकडलं होतं. वरचे कप्पे थरथरत होते, चांगले तासन् तास. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केली, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. आणि ठोक्यांचा वेग ताब्यात ठेवायला आणखी एक. ठोके फारच उधळायला लागले तर मांडीच्या शिरेतून नळी नेऊन हृदयातली त्रास देणारी जागा डागता येते, पण ते पुढचं पुढे. हिरड्यांतून रक्त आलं, काळी शी झाली, डोकं आपटलं, तर लगेच कळवायचं.

"रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद ना?" शकूने विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"नाही आजी. फडफड थांबली तरी गोळी चालूच. ही गोळी फडफडीसाठी नाही, दह्यासाठी आहे."

"आणि संकष्टीला?"

"संकष्टीलासुद्धा."

तेजल महिनाभर दुपारी पाळणाघरात गेली. तो महिना शकूने कसा काढला ते माझ्या कानांना माहीत, कारण ती रोज माझ्याकडे येऊन पाळणाघराला नावं ठेवत बसे: तिथली उसळ पांचट, तिथली बाई मोबाइल बघते, पोरगी वाळली. मी म्हणे, मग फोन कर ना सुनेला, सांग काय होतं ते. एवढं म्हटलं की ती उठून जाई. मग दीप्तीनेच, तिची अट कायम ठेवून, पोरीला आठवड्यातले दोन दिवस परत शकूकडे ठेवायला सुरुवात केली.

परवा मंगळवारी मी दुपारची जरा आडवी झाले होते, तर बेल वाजली. दारात तेजल, पाठीला दप्तर. "आजी झोपलीय. ती म्हणाली, तुमच्याकडे बस." पाठोपाठ फोन. दीप्ती.

"काकू, तेजल आली का? आईंनी आत्ता स्वतः फोन केला. म्हणाल्या, फडफड होतेय, सकाळची गोळी घेतलीय, पडते जरा, पोरीला खाली पाठवते."

"आली. मग तू रडतेस कशाला?"

"रडत नाहीये."

"बरं. आता माझी झोप तर गेलीच. हिला खायला काय देऊ, ते सांग."