एका हुनराला एक प्रश्न

फोन आला तेव्हा मी सेनगावच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या पायाचं ड्रेसिंग करत होते. फोन फेरोजभाईंचा होता. माझा धाकटा भाऊ मिलिंद आणि ते हिंगोलीच्या एकाच आयटीआयत शिकवायचे. मिलिंद वायरमनचा वर्ग घ्यायचा, ते फिटरचा. "ताई, मिलिंद पडला," ते म्हणाले. मला वाटलं शिडीवरून पडला असेल, म्हणून मी विचारलं, "कुठं लागलं?" ते म्हणाले, "शिडीवरून न्हाई ताई. चहा पिऊन राहिला होता. खुर्चीतून पडला."

हिंगोलीच्या जीपमध्ये बसल्यावर मी नर्ससारखा विचार करत राहिले. साखर उतरली असेल, उन्हाची चक्कर आली असेल, सकाळी जेवला नसेल. सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा तो स्ट्रेचरवर होता आणि शर्टाच्या खिशाला टेस्टर तसाच अडकवलेला होता. तिथले तरुण डॉक्टर मला ओळखत होते. "सिस्टर, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं," ते म्हणाले. मी त्याचं मनगट हातात घेतलं आणि नाडी शोधत राहिले. डॉक्टरांनी मला थांबवलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या नाड्या बघत आले, पण त्या दिवशी मला माझं बोट कुठं ठेवायचं तेच समजेना. मिलिंदनं चाळिशीही धड ओलांडली नव्हती. सिगारेट नाही, तंबाखू नाही, रोज सायकलनं जायचा. त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले, आणि मी अजूनही सकाळी उठल्यावर ही बातमी नव्यानं ऐकते.

मिलिंदविषयी सांगायचं तर त्याच्या खेळाविषयी सांगावं लागेल. आम्ही पुसेगावचे. बाबा तिथल्या शाळेत शिक्षक होते. मिलिंद डिप्लोमाला बाहेर गेला आणि होस्टेलवरून एक वेगळंच खूळ घेऊन आला. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि राक्षसांच्या, जादूगारांच्या, उजाड किल्ल्यांच्या एका जगाची गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जमेल की नाही याची खात्री नसेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस. हिंगोलीत असलं काही खेळणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं घरातली, जवळचीच माणसं धरली आणि दर रविवारी दुपारी आम्ही त्याच्या घरी टेबलाभोवती बसू लागलो. फेरोजभाई तलवारबहाद्दर झाले. डोंगरकड्याचे आमचे काशीनाथमामा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, ते वाटाड्या झाले. मला त्यानं वैदू केलं. "अक्का, घरी आल्यावर पण तुला पेशंटच," म्हणाला. त्याची बायको सुनीता मात्र खेळली नाही. ती दिवाणावर शिवण घेऊन बसायची आणि ऐकायची.

सुरुवातीला आम्ही नुसत्या मारामाऱ्या केल्या. प्रत्येकाच्या कागदावर त्याला काय काय येतं ते लिहिलेलं असायचं. झाडपाला ओळखणं, भाव करणं, दोर बांधणं, माग काढणं. फेरोजभाई त्याला हुनर म्हणायचे, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. पण हुनराची गरजच पडायची नाही, आणि पडलीच तर फासा वाईट पडायचा. एकदा मामांनी जंगलात वाट शोधायला फासा टाकला, वाट सापडली नाही, पुन्हा टाकला, पुन्हा नाही. अर्धी दुपार आम्ही त्या जंगलातच बसून. मामांनी कागद टेबलावर ठेवला.

"मिलिंदा, इथं लिवलंय वाट ओळखणे. मला एक वाट सापडंना. मग हे लिवलंच काहून?"

आम्ही हसलो. मिलिंद हसला नाही. पुढचा आठवडाभर तो त्याच विचारात होता, हे मला नंतर सुनीतानं सांगितलं. जेवताना म्हणे मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, मामा बराबर बोलले, माणसाला जे येतं ते त्याच्या कामी आलं पाहिजे, नाहीतर आपण त्याला उगीच आशा लावली.

पुढच्या रविवारी त्यानं खेळच बदलला. ज्याच्याकडं हुनर आहे त्यानं रोजच्या साध्या कामाला फासा टाकायचा नाही. "मामा, तिकीट देताना तुमी फासा टाकत होता का?" दुसरं म्हणजे, काम फसलं तरी गोष्ट तिथंच अडकू द्यायची नाही. वाट सापडेल, पण पाऊस लागेल, नाहीतर कुणीतरी मागावर येईल. आणि तिसरं त्याचं स्वतःचं. ज्याला जे हुनर आहे, त्यानं एका गोष्टीत एकदा त्यातला एक प्रश्न सूत्रधाराला विचारायचा, आणि सूत्रधारानं खरंच उत्तर द्यायचं. टाळायचं नाही, फिरवायचं नाही. "हुनर म्हंजे नुसता हात न्हाई," तो म्हणाला. "दुसऱ्याला दिसत न्हाई ते याला दिसतं. मग ते मला दाखवावं लागंल."

फेरोजभाईंना हे पटलं नाही. फासा नाही तर भीती नाही, आणि भीती नाही तर मजा काय, असं त्यांचं म्हणणं. दोघं जोरात भांडले आणि काही दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मग एका दुपारी मिलिंद त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेला. फेरोजभाई पोरांशी गप्पा मारत एका लोखंडी तुकड्याला कानस मारत होते. मिलिंद म्हणाला, "बघ, बोलत बोलत करून राहिला. इथं फासा कशाला? आता हेच चालत्या मशीनवर, डोळे मिटून कर." फेरोजभाई म्हणाले, "बोट जाईल ना माझं." "मग तिथं टाकू फासा." हा किस्सा फेरोजभाईंनी मला परवा सांगितला. सांगताना ते मिलिंदसारखेच दोन्ही हात पुढं करून उभे राहिले.

माझा प्रश्न मी खूप दिवस वापरलाच नव्हता. मग एकदा आम्ही एका डोंगरातल्या गुहेपाशी आलो. आत एक अजगराएवढा लांब, आग ओकणारा प्राणी होता. खालच्या गावाचं पाणी त्यानं अडवून धरलं होतं. मिलिंदनं त्या लढाईची मोठी तयारी केलेली दिसत होती. पुठ्ठ्याची गुहा कापली होती, तिला रंग दिला होता. फेरोजभाई तलवार काढून तयार. मला एकदम दवाखान्यातली दुखण्यानं चिडलेली, अंगावर येणारी माणसं आठवली. मी म्हणाले, "मी वैदू आहे. माझा प्रश्न आहे. याला दुखतंय कुठं?"

मिलिंदनं हे ठरवलंच नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. तो पुठ्ठ्याच्या गुहेकडं बघत राहिला, आणि मग हळू म्हणाला, "टाळूत भाल्याचं पातं रुतलंय. कधीचं. गिळता येत न्हाई त्याला, म्हणून पाण्यात तोंड घालून पडून असतो."

त्या दिवशी तलवार चाललीच नाही. मामांनी दोर बांधला, फेरोजभाईंनी जबडा धरला, आणि तिथं मात्र फासा टाकायला लावून मिलिंदनं त्यांना घाम फोडला. मी पातं काढलं. निघताना मिलिंद मला दारापर्यंत सोडायला आला. "अक्का, आज माझी सगळी मेहनत पाण्यात घातली तू," म्हणाला, आणि इतका खूश होता की मी जीपमध्ये बसले तरी तो रस्त्यावर उभा राहून हसत होता.

तो गेला त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही खेळलो होतो. गोष्टीत आम्ही एका गावाच्या वेशीत पोचलो होतो. घरं धड, चुलीत राख गरम, पण माणूस नाही. मामा वाटाडे, माग काढणारे. त्यांनी प्रश्न विचारला, "या गावची माणसं गेली कुठं?" मिलिंद उत्तर देणार, तेवढ्यात सुनीताचे भाऊ आले, चहा झाला, माझ्या जीपची वेळ झाली. "पुढच्या रविवारी, मामा. खरं सांगीन," तो म्हणाला. त्या दुपारी मी त्याच्या समोर बसले होते. रंग चांगला, श्वास चांगला. त्याचा चेहरा मी आठवून आठवून तपासला आहे आणि त्यात काहीच सापडत नाही... वैदू म्हणून विचारायला मला आता सूत्रधारच उरलेला नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना होऊन माणसं पांगल्यावर, मामांनी सुनीताला विचारलं, "बाई, त्यानं तुला सांगितलं व्हतं का, त्या गावाचं?" सुनीतानं नाही म्हणून मान हलवली. "त्यांनाच माहीत नसायचं मामा. म्हणायचे, मामांनी विचारल्यावर ठरवीन." मामा भिंतीला टेकून खाली बसले. इतका वेळ आम्ही सगळे कसेबसे उभे होतो, पण त्या क्षणी कळलं की उत्तर कुठं ठेवलेलंच नव्हतं, ते त्याच्याबरोबर गेलं असंही म्हणता येत नव्हतं.

त्यानंतर एका रविवारी मी हिंगोलीला गेले, तर मामा आधीच येऊन बसलेले. थोड्या वेळानं फेरोजभाई आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. टेबलापाशी आम्ही तिघं आपापल्या जागी बसलो. सुनीता दिवाणावर होती. मांडीवरची शिवण तिनं बाजूला ठेवली.

"मामा, तुमी काय विचारलं व्हतं त्यांना?"

"गावची माणसं गेली कुठं," मामा म्हणाले.

ती जमिनीकडं बघत म्हणाली, "गेली न्हाईत कुठं. घरातच आहेत, आतल्या खोलीत. त्यांना काहीतरी लई मोठं ऐकू आलंय. तवापासून त्यांना हलताच येत न्हाई."

फेरोजभाईंनी तोंडावर हात धरला.

त्या टेबलाच्या वर एक दोरी लोंबते. मिलिंदनं ती मामांच्या वाढदिवसाला बसवली होती, छताला एसटीची घंटी आणि तिची दोरी बराबर मामांच्या हाताशी. चहापाणी झालं, खेळ पुढं न्यायचा असला की मामा दोनदा ओढायचे, एसटी सोडायला ओढतात तशी. त्या दिवशी मामांचा हात सवयीनं वर गेला आणि मध्येच थांबला. "वाजवा," सुनीता म्हणाली. त्यांनी वाजवली, दोनदा. आम्ही तिघांनीही टेबलाच्या त्या टोकाच्या खुर्चीकडं पाहिलं, कारण घंटी झाली की तिथून तो बोलायला लागायचा. मग दिवाणावरून सुनीता म्हणाली, "पहिल्याच घराचं दार नुसतं लोटलेलं आहे. आत कोण जातंय?"