कारण : वय

डॉक्टरांनी सर्टिफिकेट लिहायला घेतलं तेव्हा राहीबाई आमच्या परंड्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात खांबाला बांधलेली होती. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, तिच्याच नवऱ्यानं. ती ओरडत नव्हती. बोटानं माती गोळा करायची आणि परत पसरायची, एवढंच.

नवरा किसनराव सोनारीचा शेतकरी, घरचा बरा. चार दिवसांपूर्वी राहीबाईनं तापलेला तवा लेकीच्या अंगावर फेकला होता आणि विहिरीकडं धाव घेतली होती.

"साहेब, पुन्याच्या येड्याच्या दवाखान्याचा कागद करून द्या," तो म्हणाला. "पंधरा दिसांनी कौसाला बघाया पाव्हनं येनार हायती. आई आशी दिसली तर पोरीला कोन करंल?"

वेड्यांच्या दवाखान्यात माणूस घालायचा तर सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं, त्यावर कोर्टाचा हुकूम व्हायचा. सर्टिफिकेट झालं की पुढचं आपोआप होत असे.

मी तिथं नर्स होते. आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. माझं नर्सिंग हैदराबादेत झालेलं. डॉक्टर मात्र नवे, पुण्याकडून बदलून आलेले. हुशार, नीटनेटके आणि कायम घाईत.

"वय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आसंल पंचेचाळीस."

"पाळी?"

"लई दिस झालं, बंद हाय."

"सिस्टर, पाळी जायच्या वयात बायकांचं असं होतं," डॉक्टर मला म्हणाले. मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं होतं. आमच्याकडं वेडाला वयागणिक नाव तयार असायचं. लहान पोर असलं की हट्टी. नवी सून असली की झपाटलेली. पंचेचाळिशीची बाई असली की पाळी जायचं वय, आणि साठीपुढं म्हातारचळ. एकदा नाव मिळालं की माणूस तपासायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

"हिला अंघोळ घाला. उद्या कागद तहसीलला पाठवू."

अंघोळीची गरज होतीच, कारण तिला जुलाब होत होते. मी चोळी सोडली आणि तांब्या हातातच राहिला. गळ्याभोवती काळसर, खरखरीत पट्टा होता. हात कोपरापर्यंत तसेच, पाय घोट्यापर्यंत तसेच. जिथं कपडा होता तिथली कातडी मात्र स्वच्छ. जीभ लालबुंद.

हैदराबादेत आमच्या मोठ्या सिस्टरनं अशाच एका बाईचा गळा दाखवून बजावलं होतं, "हा पट्टा विसरलीस तर मी तुला नर्स म्हणणार नाही." आणि मी विसरले होते. मला माझीच लाज वाटली.

ह्या दुखण्याला पेलाग्रा म्हणतात. नुसत्या ज्वारीवर किंवा मक्यावर राहिलेल्या माणसाला एक जीवनसत्त्व कमी पडतं. उन्हातली कातडी काळवंडते, पोट बिघडतं, आणि शेवटी डोकं. गोळ्या आणि नीट खाणं मिळालं तर माणूस उठून बसतो. न मिळालं तर वेडा म्हणूनच मरतो.

मी ओल्या हातांनीच डॉक्टरांकडं गेले.

"सिस्टर, निदान डॉक्टर करतात."

"हो साहेब. म्हणून तर तुम्हाला बोलवायला आले."

"पेलाग्रा मी पुस्तकात वाचलाय. पाहिला नाही."

"मी पाहिलाय."

"इथं सगळेच ज्वारी खातात. मग हिलाच का?"

प्रश्न रास्त होता. टेबलावर सर्टिफिकेट पडलं होतं. वय : पंचेचाळीस. कारण : वय. तपासणीत काय आढळलं, ती जागा कोरी.

"साहेब, ही जागा भरायची राहिलीय," मी म्हणाले.

डॉक्टरांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता माझी बदली. पण ते उठले, राहीबाईचा गळा पाहिला, जीभ पाहिली, हात उलटेसुलटे करून पाहिले.

"आठ दिवस," परत येऊन म्हणाले. "फरक पडला नाही तर नवव्या दिवशी सही करीन."

मला आठ दिवस पुरे होते. तिला तिकडं जाऊ द्यायचं नव्हतं. हैदराबादेत वेड्यांच्या दवाखान्यात आम्हाला शिकायला नेत. तिथं कधीच्या बऱ्या झालेल्या बायका बघितल्या होत्या. त्यांना पोचवायला घरची चार-चार माणसं आली होती. न्यायला एक आलं नव्हतं.

गोळ्या आमच्या कपाटात नव्हत्या. एसटीच्या कंडक्टरला चिठ्ठी दिली, त्यानं बार्शीहून आणल्या. खांबाची पट्टी मी स्वतः सोडली आणि राहीबाईला खाटेवर घेतलं. मग आईबरोबर आलेल्या कौसाला बाजूला घेऊन विचारलं, "आई काय जेवते?"

सोळा वर्षांची पोरगी रडायला लागली. "नुस्ती भाकर आन् मिरची. दोन वर्सं झाली, डाळ न्हाय, दूध न्हाय, शेंगा न्हाईत. भैरोबाला बोललीय, माजं लगीन जमेपातूर."

हिलाच का, त्याचं उत्तर मिळालं. घरात म्हैस होती, शेंगांची पोती होती. लेकीच्या लग्नापायी बाईनं डोकं घालवलं होतं, आणि त्याच लग्नापायी तिला घालवायला निघाले होते.

तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "कौसा कुटं हाय?" मी दुधाचा पेला पुढं केला, तर ओठ गच्च मिटले.

"नवस हाय बाई."

गोळीला तिची हरकत नव्हती, दुधाला होती. गोळ्या कायम कुठं पुरणार? घरी जाऊन परत तीच भाकर आणि तीच मिरची. मी किसनरावाला बोलावलं.

"कौसा दोघांची ना?"

"व्हय."

"मग नवस एकटीचाच कसा?"

तो उठला. मग बैलगाडी जुंपून सोनारीला गेला आणि भैरोबाच्या गुरवाला विचारून दुसऱ्या दिवशी आला. गुरव म्हणाला होता, नवस नवऱ्यानं अंगावर घेतला तर देवाला चालतंय, पण तू काय सोडतोस ते बोल. किसनराव तंबाखू सोडून आला होता. त्यानं बायकोच्या कपाळाला अंगारा लावला आणि पेला स्वतः तिच्या हातात दिला. ती दूध प्यायली. मी बँडेज गुंडाळत बसले.

नवव्या दिवशी डॉक्टर तो कागद घेऊन खाटेपाशी आले.

"हे कोण?" किसनरावाकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं.

राहीबाईनं पदर सावरला. "मालक हायती. तंबाखू सोडल्यापासनं त्वांड वाकडं करून बसल्यात."

डॉक्टर हसले. कागद उभा फाडला, परत आडवा फाडला. "सिस्टर," म्हणाले, "इथं असं आणखी काय काय असतं ते मला सांगत जा."

पाहुणे ठरल्या दिवशी आले. कौसाचं जमलं. तोवर किसनराव घरादारावर खेकसत होता, बैलांवरसुद्धा. तोही पन्नाशीला टेकलेला, पण त्याचं वय कुणी काढलं नाही.

लग्नाला मी गेले होते. राहीबाई पंगतीत वरण वाढत होती. गळ्याचा पट्टा निवळला होता. सगळ्यांचं झाल्यावर जेवीन म्हणाली. मी तिच्या हातातलं वरणाचं भांडं काढून घेतलं, तिला माझ्या पानावर बसवलं आणि वाढलं.

त्यानंतर नोकरीभर, बाईचं डोकं फिरलं म्हणून कुणी घेऊन आलं की मी पहिल्यांदा विचारायची, काल काय खाल्लं? वय केसपेपरवर सगळ्यात शेवटी लिहायची.