दोन खाचांची पट्टी

२००४ चा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. मागितलेली रक्कम सोळाशे पन्नास रुपये. डिचोलीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हजर तिघे: दुकानदार, मी आणि माझी बायको.

घरचा कॉम्प्युटर चालू केला की नुसता पीं-पीं करून थांबायचा. मेमरीची पट्टी गेली, असं दुकानदाराचं निदान. बायकोने गावच्या जत्रेतल्या नाटकाचं टायपिंग घेतलं होतं. बुधवारी तालीम सुरू व्हायची आणि नटांच्या प्रती छापायच्या राहिलेल्या.

"तुमच्या मशीनला जुनी एसडी रॅम लागते. नवी डीडीआर घेतली तर तेवढ्याच २५६ एमबीला तेराशे, पण ती चालायची नाही."

"जुनी महाग आणि नवी स्वस्त?"

"जुनी आता येतेच कुठे, पात्रांव? मिळेल त्या भावाने घ्यायची."

तोंडाने पात्रांव म्हणजे मालक म्हणतोय आणि अडलेलं गिऱ्हाईक बघून भाव चढवलाय, असं मी धरून चाललो. बंद पडलेली पट्टी परत मागितली, दुकानात देण्याआधी वहीत उतरवलेला नंबर तिच्याशी ताडून पाहिला. जुळला. तरी संशय गेला नाही.

खाणीवर ट्रकच्या हौद्यांची मापं घेण्यात माझी वीस वर्षं गेली. टेप खिशात असतेच. पट्टी भरली एकशे तेहतीस मिलिमीटर. रविवारी म्हापशाला गेलो. तिथे जुनी पट्टी मुद्दाम दाखवली नाही, दाखवली तर तिथला दुकानदारही हेच सांगणार. डीडीआर मापली: तेवढीच लांब. साडेबाराशेला घेतली.

घरी ती मशीनमधल्या जागेत बसेना. मी अंगठ्याने जोर लावला.

"अहो, दाबू नका! मोडलं तर नटांना हाताने लिहून देणार का तुम्ही?"

तिने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. जुनीला दोन खाचा, नवीला एकच. सोनेरी दाते मोजले: जुनीच्या एका बाजूला चौऱ्याऐंशी, नवीच्या ब्याण्णव. टेपने मला हे सांगितलं नव्हतं.

सोमवारी मशीन रिक्षात घालून दोघं डिचोलीला गेलो. "ह्यांनी टेपने मापून आणली," बायकोने सांगून टाकलं.

"मग पात्रांव, शर्टाचंही माप घेऊन टाकू?"

मी त्याच्याकडच्या एसडी रॅमचे दाते दोन्ही बाजूंनी मोजले. ती बसवून मशीन चालू करून घेतलं. त्याच्याच फोनवरून म्हापशाला एसडी रॅमचा भाव विचारला. सतराशे. मग बिलावर पट्टीची जात लिहून घेतली.

म्हापशाच्या दुकानाने डीडीआर परत घेतली नाही. डिचोलीच्या दुकानदाराला सोळाशे पन्नास रोख मिळाले. ते बायकोने दिले, नाटकवाल्यांनी टायपिंगसाठी दिलेल्या आगाऊ पैशांतून.